चुन्याचा आठवडा

चुन्यात बांधलेल्या एका चर्चला मी सिमेंटचं प्लास्टर करायला लावलं. भिंतींच्या पायथ्याशी हवेसाठी ठेवलेली भोकं होती, तीही बुजवायला लावली. कर म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. उलट करू नका असं एका माणसानं दोनदा सांगितलं होतं. पण मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो, माझा डिप्लोमा बैठकीत चौकटीत लावलेला होता, आणि ज्याचा डिप्लोमा भिंतीवर असतो तो दुसऱ्याच्या भिंतीबद्दल बिनधास्त बोलतो.

त्याला आता वीस-बावीस वर्षं झाली. फाल्गुन सरायला लागला की शेलूबाजारच्या आजूबाजूला हळद शिजायला लागते. शेताच्या बांधावर मोठाल्या टाक्या पेटतात, ओल्या कंदांची वाफ रस्त्यावर येते, आणि मोटरसायकलवरून जाणाऱ्या माणसाच्या कपड्यांना तो मातकट, औषधी वास घरापर्यंत चिकटून येतो. दुसऱ्या बाजूनं संत्र्याच्या उशिरा आलेल्या फुलांचा वास असतो. दोन्ही एकत्र नाकात गेले की लोकांना म्हणे होळी आठवते, परीक्षा आठवतात, कुणाला लग्नाची हळद आठवते. मला चुना आठवतो. ताज्या विरवलेल्या चुन्याला वास असतो की नाही यावर माझं आणि बायकोचं एकमत नाही. ती म्हणते, "तुमाले वास नाही येत, तुमाले लाज येते."

तर ते चर्च. शेलूबाजारहून आत वळलं की डांबरी रस्ता जिथं धाप टाकून थांबतो, तिथं गाव आहे. गाव शेतकऱ्यांचं, सोयाबीन, तूर, हळद, थोडी संत्र्याची झाडं. गावाच्या पूर्वेला ओढ्याच्या वर पंचवीस-तीस ख्रिस्ती घरं आणि त्यांच्या मधोमध हे चर्च. मी त्या भागातल्या रस्त्याच्या कामावर होतो तेव्हा चर्चच्या कुंपणाला लागून भाड्यानं राहायचो. सकाळी घंटेनं उठायचो. घंटा वाजवणारा सायमनभाऊ देवाला हाक मारायचा आणि उठायचो मी, त्यामुळे त्याचं माझ्याबद्दलचं मत सुरुवातीपासूनच वाईट होतं.

चर्चचा इतिहास सांगायचा तर मी सांगू नये, कारण तोही मी एकदा चुकीचा लिहून ठेवला आहे. पण गावातली जुनी माणसं सांगायची ते असं. एका मोठ्या दुष्काळानंतर दाढीवाले एक परदेशी फादर या बाजूला आले. त्यांनी आधी विहीर खणली, मग शाळा काढली, मग चर्च. त्यांच्याजवळ कागदावर स्वतःच्या गावच्या चर्चचं चित्र होतं. ते त्यांनी इथल्या मिस्त्रीला दाखवलं. मिस्त्रीनं जन्मात चर्च पाहिलेलं नव्हतं. त्यानं महादेवाचं देऊळ पाहिलं होतं, मंगरूळचा दर्गा पाहिला होता आणि कापसाची जिनिंग पाहिली होती. त्यानं चित्र नीट बघितलं, मान हलवली, आणि जे येत होतं ते बांधलं.

म्हणून खिडक्यांच्या कमानी फादरच्या कागदावर टोकदार होत्या, त्या इथं दर्ग्याच्या कमानींसारख्या कमरेत फुगून वर टोकाला आल्या. आतल्या लाकडी खांबांच्या माथ्यावर केळफुलं कोरली. छपराला सागवानाच्या कैच्या घातल्या, त्या थेट जिनिंगच्या शेडच्या. वर मंगलोरी कौलं. दर्शनी त्रिकोणी भिंतीत एक खिडकी ठेवून त्यात घंटा टांगली, आणि घंटेच्या खाली, कुणी सांगितलं नसताना, दगडात एक कमळ कोरलं. लांबून पाहिलं तर बाप्तिस्मा घेतलेली जिनिंग वाटावी असं ते चर्च होतं. जवळ गेलं की मात्र मान आपोआप खाली जायची. भिंती दोन हात रुंद. कमरेपर्यंत काळा दगड, वर गावठी भाजलेली वीट, सगळं चुन्यात. त्या चुन्याची घाणी बैलांनी ओढलेली. तिची दगडी चाकोरी अजून मागच्या अंगणात पडली आहे, तिच्यात शेळ्या पाणी पितात. चुन्यात गूळ घातला होता, बेलफळाचा गर घातला होता, असं म्हणतात. चैत्रातल्या दुपारी बाहेर फुफाटा उडत असायचा आणि आत पाय ठेवला की माठाजवळ बसल्यासारखं वाटायचं. शहाबादी फरशीवर उघडे पाय टेकले की तो गारवा गुडघ्यापर्यंत यायचा. मेण, वटवाघळं, जुन्या प्रार्थनेच्या पुस्तकांची पानं आणि चुना, असा मिळून एक वास.

दोन्ही भिंतींवर मिळून चौदा चित्रं होती. क्रूसाची वाट. येशूला शिक्षा फर्मावतात तिथपासून त्याला कबरीत ठेवतात तिथपर्यंत. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात दर शुक्रवारी सगळे जण एकेका चित्रासमोर थांबत, गुडघे टेकत, पुढे जात. त्यात तो तीनदा पडतो. तिसऱ्यांदा पडतो ते चित्र नववं. ते लक्षात ठेवा. पुढे मीही तिथंच पडलो.

भोकांबद्दल सांगायचं राहिलं. भिंतींच्या पायथ्याशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, दर तीन-चार हातांवर विटेएवढी भोकं होती. मी तालुक्याच्या एका साप्ताहिकात 'आपला वारसा' म्हणून लेख लिहिला आणि त्यात ठोकून दिलं की ही बंदुका रोखण्याची भोकं असून त्या काळच्या दरोडेखोरांपासून बचावासाठी ठेवलेली आहेत. अंक मंगरूळच्या रज्जाकमिस्त्रीला वाचून दाखवला. रज्जाकमिस्त्री आमच्या खात्याच्या कामांवर असायचा. त्याच्या घरात चार पिढ्या गवंडीकाम. त्यानं बिडी विझवली.

"साहेब, इतक्या खाली बंदूक कोन धरते जी? फादर काय पालथे पडून लढत होते?"

"मग कशाला आहेत भोकं?"

"भिंतीले सास घ्याले."

मी हसलो. लेख छापून झाला होता.

आता चुन्याचा आठवडा.

उपवासकाळ सुरू होतो तो राखेच्या बुधवारी. राख कशाची, तर गेल्या वर्षीच्या झावळ्यांची. आमच्याकडे माड नाहीत, म्हणून झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधल्या रविवारी, लोक ओढ्यातल्या सिंदीची पानं हातात धरतात. ती वर्षभर घरात क्रूसामागे खोचलेली राहतात आणि पुढच्या वर्षी जाळून त्यांची राख कपाळाला लावतात. मला ही रीत पहिल्यापासून आवडायची. माझ्या घरात गेल्या वर्षीचं जे जे राहतं ते फक्त अडगळ होतं.

आणि झावळ्यांच्या रविवारच्या आधीचा जो आठवडा, तो चुन्याचा. त्या आठवड्यात सगळी वस्ती चर्चला चुना मारायची. मागच्या खड्ड्यात कळीचा चुना टाकायचे, वर पाणी ओतायचे. खड्डा खदखदायचा, पांढरी वाफ उठायची, आणि बाया पदर नाकाला लावून लांब उभ्या राहून त्या खड्ड्याला शिव्या द्यायच्या. दुसऱ्या दिवशी तो निवला की दह्यासारखा बसलेला असायचा. त्यात मीठ, बाभळीचा डिंक, चिमूटभर नीळ. कुंचे अंबाडीचे. आणि भिंत वाटलेली. प्रत्येक घराचा आपापला तुकडा. कुणी कधी वाटून दिला ते माहीत नाही, पण पोरीचं लग्न झालं की तुकडा सुनेकडे जायचा, माणूस मेला की भावाकडे, आणि त्यावरून भांडणंही व्हायची, शेताच्या धुऱ्यावरून व्हावीत तशी. "तुहा कुंचा माह्या तुकड्यात आला." "आला तर आला, उजळला न तुहा तुकडा?" दोन घरांचं बोलणं बंद असलं तरी त्यांचे तुकडे शेजारी असायचे, आणि मधल्या रेषेवर दोन कुंचे आले की कुणाला तरी आधी बोलावंच लागायचं.

नवव्या चित्राखालचा तुकडा सायमनभाऊचा. म्हणजे कामाला त्याची बायको मार्थाबाई. सायमनभाऊ घंटेचा मानकरी म्हणून शिडी धरायचा आणि सूचना द्यायचा. मार्थाबाईची ओढ्याकाठी वांग्या-मेथीची वाडी होती. पहाटे भाजी खुडून, बाजाराला पाठवून, ती नऊ वाजता बादली घेऊन हजर. तिचा तुकडा सगळ्यात पांढरा. मी एकदा म्हटलं, "मार्थाबाई, हा किती वर्षांचा थर असेल?"

"माह्या सासूचा हाय याच्याखाली. तिच्या सासूचा त्याच्याखाली. तुमी नखानं कोरू नोका."

मी नखानं कोरत होतो.

मला त्या आठवड्याची दया यायची, हे खरं कारण. दरवर्षी एवढी माणसं, हळदीच्या ऐन हंगामात मजुरी बुडवून, हातांना चुन्यानं भेगा पाडून घेतात, आणि पावसाळ्यात ओलीनं चुना खाली भुरभुरतो, की पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मला ते अडाणीपणाचं वाटलं. आधीचे फादर म्हातारे होते, दमेकरी. त्यांना चुन्याची धूळ सोसायची नाही. मी त्यांना म्हटलं, फादर, एकदाच नीट करून टाकू. जाळी ठोकून सिमेंटचं प्लास्टर, वर ऑइलपेंट. पंचवीस वर्षं बघायला नको. भोकांतून साप येतात, तीही बुजवू. फादर म्हणाले, "तुम्ही जाणकार आहात." या वाक्यानं जगातली किती बांधकामं पडली असतील.

रज्जाकमिस्त्रीला बोलावलं. त्यानं भिंतीवर तळवा ठेवला, ताप बघतात तसा.

"साहेब, नोका करू. चुना भिजते अन् सुकते. जमिनीतून ओल येते, भोकातून, चुन्यातून निंघून जाते. तुमी दोन्हीकून सिमेंट लावसान तं पानी जाईन कुठी?"

"पाणी येणारच नाही. सिमेंट वॉटरप्रूफ असतं."

"बाहेरचं येनार नाही. आतलं?"

"मिस्त्री, डिप्लोमा कुणाकडे आहे?"

त्यानं भिंतीवरचा तळवा काढून घेतला. मग म्हणाला, "तुमच्याकडे हाय साहेब," आणि कामाला लागला. त्याला पोरीचं लग्न करायचं होतं. त्याच्या हातचं प्लास्टर आरशासारखं उतरलं, हा त्याचा माझ्यावरचा सूड.

त्या उपवासकाळात चर्च छिन्नी-हातोड्यांच्या आवाजानं भरून गेलं. सासवांचे, सासवांच्या सासवांचे थर पापुद्र्यापापुद्र्यानं खाली आले; पांढरा, निळसर पांढरा, पिवळट पांढरा. एका थरात एक अंबाडीचा धागा अडकलेला होता. मी तो काढून खिशात ठेवला, पुढच्या लेखासाठी. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी भिंतभर ठोकली, वर सिमेंट, वर फिका निळा ऑइलपेंट. झावळ्यांच्या रविवारी लोक सिंदीची पानं घेऊन आत आले आणि स्वतःचे चेहरे भिंतीत दिसतात का बघायला लागले. फादरनी मला शाल आणि नारळ दिला. टाळ्या झाल्या. मी भाषणात म्हणालो की आता या चर्चला कुणी हात लावायची गरज नाही.

ते वाक्य मात्र तंतोतंत खरं ठरलं.

पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात, नऊच्या सुमारास, मी खिडकीतून बघितलं तर मार्थाबाई बादली घेऊन चर्चकडे चाललेली. एकटी. मला वाटलं विसरली. मागे गेलो. ती नवव्या चित्राखाली उभी होती, कुंचा बुडवत होती. मी दारातून म्हटलं, "मार्थाबाई, आता नाही लागत." तिनं ऐकलं नाही की ऐकून सोडून दिलं, माहीत नाही. तिनं वरून खाली एक हात मारला. चुना ऑइलपेंटवर थांबेना. थेंब थेंब होऊन घरंगळला, खाली फरशीवर पांढरं थारोळं झालं. तिनं दुसरा हात मारला. तोही घरंगळला. मग तिनं पदरानं भिंत पुसली, गुडघ्यावर बसून फरशी पुसली, आणि बादली घेऊन माझ्या शेजारून निघून गेली. मी काहीतरी विनोदी बोलायला हवं होतं. आयुष्यभर नको तिथं विनोद केले आणि तिथं नेमका सुचला नाही.

चुन्याचा आठवडा त्या वर्षापासून बंद पडला. ज्यांचं बोलणं बंद होतं त्यांचं बंदच राहिलं.

मग माझ्या बदल्या झाल्या. वाशिमकडचं मालेगाव, कारंजा, पुन्हा मालेगाव. पण दर उपवासकाळात, हळदीचा वास आला की, गुन्हेगार जागा बघायला येतो म्हणतात तसा मी एकदा जाऊन यायचो. पहिली दोन-तीन वर्षं भिंत तुकतुकीत. चौथ्या वर्षी पहिल्या चित्राखाली निळ्या रंगाला फोड आला, पुरीसारखा. मी बोटानं दाबला; आतून पाण्याची धार आली नाही, पण बोट ओलं झालं. मग ओल चढायला लागली. पूर्वी ती भोकांपाशी, वीतभरावर थांबून वाऱ्यावर उडून जायची. आता तिला वाट नव्हती, म्हणून ती दोन सिमेंटच्या पाट्यांच्या मधून वर, वर. दगड सोडून विटेत. विटेतून चित्रांपर्यंत. मी तिची वाटचाल चित्रांवरून मोजायचो: वेरोनिका येशूला तोंड पुसायला रुमाल देते त्या चित्राच्या काचेला आतून बुरशी, दोन वर्षांनी येरुशलेमच्या बायकांचे चेहरे गेले, मग नववं. तिसऱ्यांदा पडलेला येशू कागदासकट फुगला आणि एके दिवशी खिळ्यावरून खाली आला. त्या पावसाळ्यात कौलं फुटली होती, वरूनही पाणी शिरलं. कैच्यांची टोकं भिंतीत दडलेली. सागवान कधी सडत नाही असं मी लोकांना सांगायचो, ते सडलं, आणि जे सडलं नाही ते उधईनं घेतलं.

माणसंही ओसरत गेली. पोरं पुण्याला, संभाजीनगरला कंपन्यांत गेली. सायमनभाऊ गेला. त्याच्यानंतर घंटा कुणीही, आठवेल तेव्हा वाजवायचं. मिस्सा, म्हणजे वेदीवरची उपासना, आधी रोजची होती, मग रविवारची, मग पंधरा दिवसांतून एकदा, वाशिमकडून फादर येतील तेव्हा. हे सगळं माझ्या प्लास्टरमुळे झालं असं मी म्हणत नाही. एवढा मोठेपणा माझ्याकडे नाही. पण लोकांना वर्षातून एक आठवडा भिंतीपाशी यावंच लागायचं, ते मी बंद केलं, एवढं नक्की.

या वर्षी मी निवृत्त होऊन मोकळा होतो. राखेच्या बुधवारनंतर मालेगावच्या स्टँडवर चर्चचे आत्ताचे फादर भेटले. तरुण आहेत, मोटरसायकलवर फिरतात, बोलणं सरळ. म्हणाले, "सर, इमारत धोकादायक ठरवली आहे. ईस्टर झालं की उतरवणार. झावळ्यांचा रविवार मंडपात करू."

"मला एक संधी द्या," मी म्हटलं. "सिमेंट उतरवू. चुना परत करू. भोकं उघडू. भिंत सुकली की उभी राहील."

"तुम्हाला खात्री आहे?"

खात्री मला आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा चुकीच्याच बाबतीत वाटलेली आहे. मी म्हटलं, "एकच तुकडा काढून बघू. आत चांगली वीट निघाली तर तुम्ही पाडणं थांबवा."

फादर म्हणाले, "बघा. पण छपराखाली टेकू दिल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि वीट नाही निघाली तर मग विषय संपला."

मार्थाबाईला सांगायला गेलो. ती आता पंच्याहत्तरीच्या पुढे. वाडी पुतण्याकडे, कंबर वाकलेली, नजर तशीच. ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. तिला मी सगळं सांगितलं, की तुमच्याच तुकड्यापासून सुरुवात करतो. तिनं हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाली, "माही मिस्सा तिथून व्हावी असं वाटते मले. मेल्यावरची. सायमनची तिथूनच झाली. मंडपातून कायले जाऊ मी? मी काय जेवनावळीले आली होती काय?"

म्हणजे आता एवढंच होतं. त्या एका तुकड्यात वीट निघते का.

रज्जाकमिस्त्रीला त्याच्या मुलानं मोटरसायकलवर मागे बसवून आणलं. मुलगा टाइल्सची कामं घेतो. चुना त्यानं फक्त पानात पाहिलेला. मिस्त्रीचे हात थरथरतात आता, करणी धरता येत नाही. त्याला खुर्ची दिली. गुरुवारची सकाळ होती, बाहेर कडुनिंबाचा मोहर गळत होता, आत वटवाघळांशिवाय कुणी नव्हतं. वेदीवरचे पुतळे उपवासकाळ म्हणून जांभळ्या कापडात झाकलेले. त्यातल्या सुतार जोसेफच्या हातातला काटकोनी गुण्या तेवढा कापडातून टोक काढून होता, माझ्याकडे रोखलेला. मिस्त्रीनं खुर्ची भिंतीजवळ सरकवून घेतली आणि वाकलेल्या बोटाच्या पेरानं भिंत वाजवली. बद्द. थोडं वर. बद्द. थोडं बाजूला. बद्द.

"काढा," तो म्हणाला. "पाहाचंच हाय तं काढा."

टेकू दिले होते. मुलानं छिन्नी लावली. पहिल्या दोन ठोक्यांत काही नाही. तिसऱ्याला हातभर पाटी सुटली, आणि जाळीसकट खाली येताना विटेचा सगळा दर्शनी भाग घेऊन आली. वीट अशी नव्हतीच आत. लाल ओलसर भुगा होता. बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत जात होतं. वर ओलीतल्या क्षाराचा पांढरा लोणा फुललेला, थंडीत गवतावर दहिवर दिसतं तसा. मी दुसरीकडे काढायला लावलं. तिथंही तेच. मी तिसरीकडे बोट दाखवलं, तर मिस्त्रीनं हात वर केला.

"बस करा साहेब. हे भिंत नाही राह्यली. दोन सिमेंटच्या पापुद्र्याच्या मंधात माती उभी हाय."

"एखादा पट्टा तरी... खालचा दगड..."

"दगड हाय. दगडाले काय होते? वरचं गेलं. आता तुमी सिमेंट काढलं तं पडते, अन् ठेवलं तं सडते."

मी पायथ्याची बुजवलेली भोकं शोधत होतो. कुठं होती तेही आता सांगता येत नव्हतं. मी मिस्त्रीजवळ खाली बसलो. म्हटलं, "मिस्त्री, त्या वेळी तुम्ही जरा जोरात बोलला असता तर..."

त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. "जोरात बोललो असतो तं तुमी दुसरा मिस्त्री आनला असता. अन् त्याचं पिलास्टर दोन सालात पडलं असतं." मग म्हणाला, "तेच बरं झालं असतं. लवकर पडलं असतं तं भिंत वाचली असती. माहंही चुकलं. मी चांगलं काम केलं."

मुलानं त्याला धरून उठवलं, पाठीमागे बसवलं, आणि ते गेले. फादरना फोन केला. ते म्हणाले, "ठीक आहे सर. तुम्ही प्रयत्न केलात." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही करायला मिळालं असतं.

शनिवारी, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, मी पुन्हा गेलो. कशाला गेलो ते माहीत नाही. बाहेर मंडपाचे बांबू उभे राहत होते. दाराला फादरनी दोरी बांधली होती, तिच्याखालून वाकून मी आत पाहिलं तर मार्थाबाई आत. बादली, कुंचा. कुंचा अंबाडीचाच, कुठून काढला कुणास ठाऊक. मोकळ्या झालेल्या त्या दोन हात भुग्यावर ती चुना मारत होती. चुना धरत होता. ओल्या मातीनं तो पिऊन घेतला, आणि लाल आधी गुलाबी झालं, मग दुसऱ्या हातानं पांढरट.

"मार्थाबाई, पंधरा दिवसांत पाडणार आहेत हे."

"मले माहीत हाय न."

"मग?"

"मंग काय? माहा आठवडा हाय."

मी बादली धरली. तिनं नको म्हटलं नाही. वर तिचा हात पोचत नव्हता तेवढा मी मारतो म्हणालो, तर कुंचा दिला नाही. तेवढा कोरा राहिला. कौलांच्या फटींतून उन्हाचे कवडसे फरशीवर पडले होते आणि त्यांच्यात भुग्याची लाल धूळ तरंगत होती. भुगा मधूनच आपोआप गळायचा, कुणी स्पर्श न करता, वाळूच्या घड्याळासारखा बारीक आवाज करत. बाहेर कुणीतरी मंडपाच्या माईकवर हॅलो हॅलो करत होतं. तिसऱ्या हातानंतर तुकडा चांगला उजळला. आजूबाजूच्या निळ्या फोडांच्या मधोमध तो एकच पांढरा चौकोन. ती मागे सरकून बघत राहिली, मी तिच्याकडे बघत राहिलो.

कुंचा धुवायला आम्ही मागे गेलो. घाणीच्या चाकोरीतलं पाणी घेतलं. तिथून दफनभूमी दिसते; सायमनभाऊची मातीची कबर, चार कोपऱ्यांना चार दगड, त्यांना तिनं उरलेला चुना लावला. शेजारी एक जागा रिकामी, गवत काढून ठेवलेली. मला भरून आलं. आणि मला भरून आलं की मी काहीतरी करू का म्हणून विचारतो. माझी ती खोड जुनीच.

"मार्थाबाई," मी म्हटलं, "चर्च माझ्या हातून गेलं. पण ही जागा मी नीट करून देईन. पुढे जेव्हा वेळ येईल तेव्हा, मी स्वतः उभा राहून..."

तिनं कुंचा झटकला. चुन्याचे शिंतोडे माझ्या शर्टावर आले.

"साहेब, मी मेल्यावर तुमी माह्या कबरीकडे फिरकूच नोका. तुमचा काही भरोसा नाही. तिलेही पिलास्टर करसान."